मला दिसलं ते

४ फेब्रुवारी, मंगळवार

दादाला आज माझ्याकडे आणलं. सतरा दिवस हॉस्पिटलमध्ये होता. उजवा हात गेलाय, उजवा पाय ओढत टाकतो, आणि बोलणं गेलंय. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत. "हो" येतं, "नाही" येतं, पण कधी कधी एकाच्या जागी दुसरं. नजरेचाही उजवा अर्धा भाग गेलाय. डोळे ठणठणीत आहेत, मेंदूलाच उजवीकडचं कळत नाही, असं काहीतरी. मी मान डोलावली.

पुढच्या खोलीत पलंग लावला, भिंत उजवीकडे आणि दार डावीकडे येईल असा. जेवायला वाढलं तर ताटाची डावी बाजू त्याने पुसून खाल्ली आणि उजवीकडचा बटाटा तसाच ठेवून हात आवरला. मला वाटलं पोट भरलं. ताट उचलताना सहज अर्धं फिरलं, बटाटा डावीकडे आला, आणि त्याने तोही खाल्ला. आता रोज हेच करायचं. न बोलता, पाण्याचा पेला ठेवायचं निमित्त करून. त्याला कळता कामा नये.

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. दातांच्या लॅबमध्ये दिवसभर पॉलिशचं मशीन धरलं की बोटं बधिर होतात, तशी मी सगळीच झालेय. तक्रार नाही. बधिर बोटांनीही कवळी घासता येते, वीस वर्षं घासतेच आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन वाजला की दादा दचकतो, म्हणून त्याचा फोन माझ्या पर्समध्ये असतो. आज त्यावर "पंच" नावाच्या कुणाचा तरी निरोप आला. "दोन आठवडे अभिप्राय नाही. सगळं ठीक ना? तिसरा चुकला तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको."

मला सांगायला हवं होतं, म्हणून दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मागचं सगळं वाचत बसले. प्रकार असा आहे. दहा-बारा माणसं, कुणी कुणाला पाहिलेलं नाही, मिळून कुस्तीचा एक खोटा कार्यक्रम लिहितात. टीव्हीवर दाखवतात तसली ठरवून केलेली कुस्ती, फक्त ही नुसती शब्दांत. प्रत्येकाचा एकेक पैलवान. रविवारी कुस्त्या लिहून टाकायच्या आणि सात दिवसांच्या आत दादाने प्रत्येकीवर अभिप्राय द्यायचा. अभिप्राय आला नाही तर ती कुस्ती झालीच नाही असं धरतात. जिंकलेला जिंकत नाही, हरलेला हरत नाही. लागोपाठ तीन रविवार चुकले तर अभिप्रायाची खुर्ची दुसऱ्याला जाते.

दादा अकरा वर्षं त्या खुर्चीवर बसलाय. मी समजत होते, फोनवर पत्ते खेळतो.

त्याचं काम जमीन मोजणीचं. ते आता त्याला जमणार नाही, असं साहेबांनी फुलांच्या गुच्छाबरोबर कळवलंय. बायकामुलं नाहीत. त्याची खोली मीच रिकामी करून किल्ली दिली. म्हणजे त्याचं असं जगात काय उरलं, तर ही एक खुर्ची, तीसुद्धा हवेतली. ती जाऊ द्यायची नाही. पंचांना खरं काय ते सांगून टाकावं असं एकदा मनात आलं. पण मग ते लोक हळहळणार, लांबलचक निरोप पाठवणार आणि अगदी सभ्यपणे खुर्ची काढून घेणार. गुच्छ तेवढा नसेल.

९ फेब्रुवारी, रविवार

आज शेवटचा दिवस होता. सकाळी दादाचे जुने अभिप्राय काढून परीक्षेला बसल्यासारखे वाचले. त्याची पद्धत ठरलेली. आधी चुका, आणि त्याही स्पष्ट. "रिंगला चार कोपरे असतात. तुम्ही दोनच वापरलेत. बाकीचे दोन कुणाला भाड्याने दिले?" हे तर किमान पन्नास वेळा लिहिलंय. जन्मभर लोकांच्या जमिनीचे कोपरे मोजले, ते इथेही मोजतोय. आणि शेवटची ओळ न चुकता "मला दिसलं ते:" अशी सुरू होते. पुढे एकच गोष्ट, जी वाचताना त्याच्या डोळ्यांपुढे खरोखर उभी राहिली. "मला दिसलं ते: हरलेल्याने आधी बुटाची नाडी बांधली, मग उठला." एवढंच.

चार कुस्त्यांवर चार अभिप्राय लिहिले. इथून तिथून दादाचीच वाक्यं उचलली. "मला दिसलं ते" मात्र उचलता येईना, कारण मला काही दिसतच नव्हतं. दोघं एकमेकांना आपटतायत, यात बघायचं काय? शेवटी काहीतरी ठोकून दिलं. पंचांचा निरोप आला, "जीव भांड्यात पडला."

दादाला यातलं काही सांगितलं नाही. त्याला वाटायचं, बोलणं गेलं आणि आता हेही काढून घेतलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

युक्ती सापडली. कुस्तीकडे कवळीसारखं बघायचं. वरचे दात आणि खालचे दात एकमेकांवर बसतात का? याने मारलं, त्याला लागलं, मग पुढच्या ओळीत तो लंगडतो का? नसेल लंगडत तर चावा बसला नाही. मास्तर नावाचा एक जण आहे, त्याचा पैलवान पायाचं हाड मोडल्यावर दोन ओळींनी दोरावरून उडी मारतो. मी लिहिलं, "हाड भलतंच लवकर जुळलं. डॉक्टरांचा पत्ता द्या." मास्तरांनी उत्तर दिलं, "धार परत आली राव! मधले दोन आठवडे कुठे होतात?"

बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं, म्हणून इथे लिहून ठेवते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दादाला बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा दुपारी येतात. त्यांनी एक टॅब दिलाय, त्यावर चित्रं आणि शब्दांच्या जोड्या लावायच्या. आज लॅबमध्ये पाणी नव्हतं, प्लास्टर कालवता येईना, म्हणून लवकर सुटले आणि बाईंची गाठ पडली.

"फार मनापासून करतात हो तुमचे दादा," बाई म्हणाल्या. "मी निघाले तरी टॅब सोडत नाहीत."

"जोड्या लावतात?"

"जोड्या कधीच संपल्या. आता काय करतात ते त्यांनाच विचारा की!" आणि हसून चपला घालायला लागल्या.

विचारायचं कसं, ते बाईंनाच ठाऊक. दिवसभर त्याच्याजवळ राहायला ठेवलेल्या मावशी म्हणाल्या, "काहीतरी टकटक करत असतात. मी बघायला गेले की पालथा घालतात. लहान मुलासारखं."

करमणूक होतेय, होऊ दे.

११ मार्च, मंगळवार

रविवारच्या कार्यक्रमात एक नवीन लेखक आला. नाव "पाहुणा". त्याच्या पैलवानांना नावंसुद्धा नाहीत. त्याची अख्खी कुस्ती इथे उतरवते:

"लाल येतो. निळा उभा. लाल मारतो. निळा कोपऱ्यात. दोर धरतो. लाल ओढतो. निळा परत कोपऱ्यात. दोर धरतो. एक. दोन."

संपलं. पंचांनी तीन मोजले की कुस्ती निकाली निघते, इथे तीन नाहीच. मास्तरांनी खाली लिहिलंय, "वेळ बघा, दुपारचे अडीच. जेवून उठले आणि दोन ओळी खरडल्या वाटतं."

मी लिहिलं, "रिंगला चार कोपरे असतात. तुमच्या कुस्तीत सगळं डावीकडेच घडतं. उजव्या बाजूला काय आहे? पंच दोनवर का थांबले, पाणी प्यायला गेले का? वाक्यं अर्धी टाकू नका." शेवटी "मला दिसलं ते: दोर." असं घाईघाईत टाकून दिलं, कारण ट्रेमध्ये सहा कवळ्या खोळंबल्या होत्या.

दादाला आज बाहेर खुर्चीत बसवायला नेताना त्याचा उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. चौकट त्याला दिसलीच नाही. मलम लावलं.

१८ मार्च, मंगळवार

पाहुण्याची दुसरी कुस्ती. निदान अभिप्राय वाचतो एवढं खरं, कारण उजवी बाजू आणायचा प्रयत्न केलाय:

"निळा उठतो. उजवीकडे जातो. मग नाही. लाल शोधतो. नाही. पंच शोधतो. नाही. एक. दोन."

आज सकाळपासून माझी चिडचिड चाललीय. एक अख्खी कवळी परत आली, पेशंटला टोचते म्हणून. त्यात हे. जेवणाच्या सुट्टीत लिहिलं, "पैलवान उजवीकडे गेला की नाहीसा होतो. ही जादू आहे की आळस? लिहिणाऱ्यालाच रिंग दिसत नसेल तर वाचणाऱ्याला कुठून दिसणार? आधी पूर्ण वाक्य लिहायला शिका, मग कुस्ती. मला दिसलं ते: काहीच नाही."

अकरा वर्षांत दादाने "काहीच नाही" एकदाही लिहिलेलं नाही. वाईटातल्या वाईट कुस्तीतही तो काहीतरी शोधायचा. पाठवून झाल्यावर ते लक्षात आलं. पण एकदा दिलेला अभिप्राय बदलता येत नाही, तोही नियम आहे.

२६ मार्च, बुधवार

दादाने टॅब खणात टाकून खण लावून घेतलाय. बाई आल्या की डोळे मिटून पडतो. मावशी म्हणाल्या, "मागच्या मंगळवारपासून असंच आहे. जेवणसुद्धा चिमणीएवढं." ताट फिरवलं तरी खात नाही.

बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काही झालंय का घरात? कुणी काही बोललं का त्यांना?"

"त्याला कोण बोलणार?" मी म्हटलं. "मी तर दिवसभर घरात नसते."

आजारात असे टप्पे येतात म्हणे. मी ऐकून घेतलं. मला वाईट वाटायला हवं होतं आणि ते कुठेतरी लांब, शेजारच्या घरात वाटत असल्यासारखं होतं.

पाहुणाही या रविवारी आला नाही. पंचांनी विचारलं, "जरा जास्तच कडक झालं का?" मी लिहिलं, "नवे लोक टिकत नाहीतच."

५ एप्रिल, शनिवार

आज अर्धी सुट्टी होती, दुपारी मीच वाढलं. दादा डावीकडचा पाव खाऊन थांबला. मी पेला ठेवायचं निमित्त करून ताट फिरवायला घेतलं. उजवीकडे अंडं होतं. ताट निम्मं फिरलं, आणि मनात ती ओळ आली. उजवीकडे जातो. मग नाही. शोधतो. नाही.

माझा हात ताटावरच राहिला. दादा हाताकडे बघत होता.

अडीच वाजले होते.

मी विचारलं, "दादा, पाहुणा तू?"

"नाही," तो म्हणाला. मग मान वर-खाली हलवली. मग ताट माझ्याकडे सरकवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

६ एप्रिल, रविवार

लाज वाटते. म्हणजे बधिर नव्हतेच मी. बधिर असते तर एवढं टोचलं नसतं.

त्याला सगळं माहीत होतं. त्याच्या नावाने दुसरंच कुणीतरी लिहितंय हे तो टॅबवर वाचत होता, आणि घरात फोन कुणाकडे असतो हे कळायला फार डोकं लागत नाही. म्हणून तो पाहुणा झाला. एका बोटाने, डाव्या हाताने, शब्द एकेक करून हुडकत त्याने कुस्ती लिहिली आणि माझ्यासमोर ठेवली. आणि मी त्याचंच वाक्य उचलून त्याच्या तोंडावर मारलं. चार कोपरे.

शाळेत माझे निबंध दादा तपासायचा. खाली लाल पेन्सिलीने "परत लिही". मी भोकाड पसरायची, तो ढिम्म हलायचा नाही. पण परत लिहिलेला निबंध शेवटपर्यंत वाचायचा, आणि वाचताना ओठ हलायचे. तेवढ्यासाठी मी परत लिहायची.

९ एप्रिल, बुधवार

पंचांना सगळं कळवलं. दादाचं आजारपण, माझं सोंग, पाहुणा कोण, सगळं. आता खुर्ची गेलीच असं धरून चालले होते. उत्तर यायला एक दिवस लागला:

"ताई, नियम नियम आहेत. खुर्चीवर नसलेल्या माणसाचे अभिप्राय धरता येत नाहीत. म्हणजे नऊ रविवारच्या कुस्त्या झालेल्याच नाहीत. मास्तर पट्टा जिंकून मिरवतायत, तोही परत घ्यावा लागेल. त्यांना मी सांगतो, तुम्ही नका सांगू. नियमाप्रमाणे दादांची खुर्चीही केव्हाच गेली. पण खुर्ची काढायची तर दुसरा कुणी तयार पाहिजे. कुणी तयार नाही. मी कुणाला विचारलेलं नाही, पण कुणी तयार नाही. येत्या रविवारच्या एका तरी कुस्तीवर त्यांचा स्वतःचा अभिप्राय सात दिवसांत येऊ दे. कितीही लहान चालेल. मग त्या नऊ रविवारचं त्यांच्या सवडीने बघू. नाही आला, तर मात्र माझाही इलाज चालणार नाही. आणि पाहुण्याला स्वतःच्या कुस्त्यांवर अभिप्राय देता येणार नाही. त्या तुम्ही पुन्हा बघा. तुमच्या नावाने."

दादाच्या डाव्या बाजूला बसून हे मोठ्याने वाचलं. मास्तरांच्या पट्ट्यापाशी त्याचा डावा गाल हलला. हसला की काय, नक्की सांगता येत नाही. टॅब खणातून काढून त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. त्याने हात काढून घेतला.

मग पाहुण्याच्या कुस्त्या पुन्हा बघितल्या. कवळी म्हणून नाही. "बहीण" या नावाने लिहिलं, "मला दिसलं ते: निळ्याला दोनदा कोपऱ्यात ढकललं आणि दोन्ही वेळा त्याने दोर सोडला नाही." आणि दुसरीवर, "मला दिसलं ते: निळा नाहीसा झाला तरी लाल निघून गेला नाही. शोधत बसला."

१३ एप्रिल, रविवार

मी स्वतः एक कुस्ती लिहिली. आयुष्यात पहिलीच. लाल आणि निळा, दादाचेच घेतले, परवानगी न विचारता. निळा जिंकतो. सगळी कुस्ती डावीकडच्या दोन कोपऱ्यांत ठेवली, म्हणजे त्याला कुठे शोधत बसायला नको. पलंग लावला होता तसाच विचार केला. पाठवली आणि त्याला सांगितलं, "दादा, माझी कुस्ती आहे. तू बघितलं नाहीस तर ती झालीच नाही."

तो खिडकीकडे बघत राहिला.

१७ एप्रिल, गुरुवार

काही नाही. मावशी म्हणतात, टॅब उचलतात आणि परत ठेवतात. लॅबमध्ये आज एक मेणाचा साचा हातातून पडला. पॉलिशवाला म्हणाला, "बाई, घरी जा. तुमचं लक्ष नाही." मी गेले नाही. घरी गेले तर दारात उभी राहून त्याच्या बोटाकडे बघत बसले असते.

इतरांनीही या रविवारी कुस्त्या टाकल्यात. त्यांच्यावरही काही नाही. पंच विचारत नाहीत, मास्तरसुद्धा गप्प आहेत. भीती वाटते, आणि तिला दुसरं काही नाव देऊन उपयोग नाही. खुर्ची गेली तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करेल, आणि याही वेळी तसं करायला मीच लावलेलं असेल.

२० एप्रिल, रविवार

शेवटचा दिवस. मावशींना रविवारची सुट्टी, घरात आम्ही दोघंच. सकाळपासून मी स्वयंपाकघराबाहेर पडले नाही. डबे घासले, घासलेले पुन्हा घासले. जेवणंही लांबली. पुढच्या खोलीतून टक, बराच वेळ काही नाही, मग टक. एकदा टॅब आपटल्याचा आवाज आला. गेले नाही. कढईचा कान धरून उभी राहिले.

तीनला पाच कमी असताना फोन वाजला. दादा माझ्यापासून दहा पावलांवर होता आणि अभिप्राय फोनवर आला:

"दोन कोपरे कमी. परत लिही.
मला दिसलं ते: ताट. तू फिरवतेस."

ओट्याशीच खाली बसले. रडले, हे लिहायला हरकत नाही. मग तोंड धुतलं आणि वाढून नेलं. ताट त्याच्या पुढ्यात ठेवलं, पेला आधीच ठेवला होता. बटाटा उजवीकडे होता. मी दोन्ही हात मांडीखाली धरून बसले.

त्याने डावी बाजू संपवली. थांबला. मग डाव्या हाताने ताटाची कड पकडली आणि ताट फिरवलं. जरा जास्तच फिरलं, थोडं मागे आणलं. बटाटा समोर आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं.

"खा," मी म्हटलं. "मला परत लिहायला बसायचंय."